बर्फवाल्या बाईंची नवी गाडी

बाईंची उंची पाच फूट एक इंच, आणि त्यातला वरचा एक इंच बुटांचा, असं मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण सायकलसुद्धा धड येत नव्हती. जग पाहिलं ते बाईंच्या मागच्या सीटवर बसून. घरात गाडी चालवायची ती बाईंनीच.

बाई आरोग्य खात्यात होत्या. लहान मुलांना लस टोचायचं काम. सत्तावीस वर्षं त्यांनी नदीपलीकडची एकोणीस गावं सांभाळली. लस गार राहायला हवी, म्हणून मोटरसायकलच्या मागे दोरीनं आवळून बांधलेली निळी पेटी असायची आणि पेटीत बर्फाच्या पिशव्या. त्यामुळे सगळीकडे त्यांचं नाव बर्फवाल्या बाई. खात्यानं दिलेली गाडी साधीच होती, पण खात्याच्या फिटरनं सायलेन्सर वर वळवून दिला होता, म्हणजे नदीतून जाताना त्यात पाणी शिरू नये. सीटचा स्पंजही चांगला चार बोटं कापला होता. त्या वळवलेल्या सायलेन्सरचा आवाज असा की मैलभरावरून कळायचं, बाई आल्या. बाई गावात पोचेपर्यंत निम्मी पोरं झाडावर. मग झाडाखाली पेटी ठेवून बाई शांतपणे म्हणायच्या, "बसा वर. मला घाई नाही. बर्फ सहा तास टिकतो." आणि एकेक पोरगं तोंड पाडून खाली उतरायचं.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी खात्यात फ्रिज बसवलेली चारचाकी आली. मोटरसायकल मोडीत निघाली. ती आपल्याला द्या, असा अर्ज बाईंनी केला होता. पण अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत गाडी ट्रकमध्ये चढून गेलीसुद्धा. मग बाईंनी बागेत चार झाडं लावली, मास्तरांचे स्वेटर उसवून पुन्हा विणले. दोन वर्षं अशी गेली.

एका संध्याकाळी बाहेरच्या चढावरून कुणाची तरी मोटरसायकल गेली. बाई खिडकीशी उभ्या होत्या. स्वतःशीच पुटपुटल्या, "तिसऱ्या गिअरात कुथवतोय मेला. दुसरा टाक की!"

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "अगं, एक घेऊया का?"

"काय?"

"गाडी. ती डोंगरात जायची असते ना, उंच, मोठ्या पुढच्या चाकाची. तसली."

"साठीला आले मी."

"मी पासष्टचा आहे. मागे बसायला वयाची अट नसते."

बाई हसल्या, आणि मग रात्रीच्या जेवणात मीठ दोनदा पडलं.

मास्तरांनी वही काढली. उभ्या रेघा मारल्या. सीटची उंची, टाकीत पेट्रोल किती, चाक स्पोकचं की साधं, पोटाखाली दगड लागू नये म्हणून जमिनीपासून अंतर किती. ज्याच्याकडून जे कळेल ते शाळेतल्या अक्षरात लिहून काढलं. आठवड्यानं दोघं शोरूममध्ये गेले.

विक्रेता टाय लावलेला, तिशीतला, भलताच गोडबोल्या. तो सरळ मास्तरांकडे गेला. "या सर! तुमच्या पर्सनॅलिटीला शोभेल अशीच आहे. ही बघा."

ती गाडी म्हणजे उभा घोडाच. मास्तरांनी चष्मा पुसला. "छान आहे. पण मला काय सांगता? चालवणार या आहेत."

विक्रेत्यानं बाईंकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग परत बाईंकडे. "मॅडमसाठी आपल्याकडे स्कूटर—"

"टाकी रिकामी असताना वजन किती, भरलेली असताना किती?" बाईंनी विचारलं.

त्याला ते कागदात बघावं लागलं. तोवर बाई गाडीवर चढून बसल्या होत्या. दोन्ही पाय अधांतरी. पण जन्मभराच्या सवयीनं त्यांनी एका बाजूला बूड सरकवलं, डाव्या पायाचा चवडा टेकवला आणि गाडी तोलून धरली. विक्रेता म्हणाला, "वा मॅडम! आता घाबरायचं काही कारणच नाही."

"घाबरतंय कोण? हिला आडवी करा."

"म्हणजे?"

"जमिनीवर पाडा. मला उचलून बघायची आहे."

विक्रेत्याचा चेहरा पांढरा पडला. नवी गाडी पाडा म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. तो सेफ्टी, वॉरंटी असं काहीबाही बोलू लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, दगडगोट्यांत गाडी पडते. तुमची पडते, माझी पडते. पडल्यावर तिथं तुमचं शोरूम नसतं."

बोलणं ऐकून मागच्या वर्कशॉपमधून मिस्त्री आला. केस पिकलेला माणूस, बोटांना ग्रीस. त्यानं मिनिटभर बाईंना न्याहाळलं. म्हणाला, "बाई बरोबर बोलतायत. चाचणीच्या गाड्या मागे आहेत. या."

मागच्या अंगणात त्यानं जुन्या गाद्या अंथरल्या आणि तसलीच मोठी गाडी उजव्या अंगावर अलगद निजवली. बाईंनी ओढणी कमरेला बांधली. गिअर टाकला, म्हणजे चाक घरंगळायला नको. साइड स्टँड उघडला. हँडल पूर्ण वळवलं, गाडीला पाठ लावून खाली बसल्या, एक हात हँडलला, एक सीटमागच्या धरायच्या दांड्याला, आणि पायांनी मागे रेटलं.

गाडी हलली नाही.

चौतिसाव्या वर्षी भर नदीत, मांडीपर्यंत पाण्यात, बाईंनी अशीच गाडी उभी केली होती. गाडीवरून सोडवून घेतलेली पेटी डोक्यावर धरून मास्तर शेजारी उभे होते, आणि "हळू गं, हळू" एवढंच म्हणत होते. त्या दिवशी एकही लस वाया गेली नव्हती. तो गार प्रवाह, गोट्यांवरून सटकणारे बूट, सगळं बाईंना आत्ता पायांत जाणवत होतं. पाय मात्र तेव्हाचे नव्हते. दुसऱ्यांदा रेटलं. तिसऱ्यांदा गाडी वीतभर उठली आणि पुन्हा गादीवर बसली.

बाई तिथंच जमिनीवर टेकल्या. "म्हातारी झाले हो मी."

मास्तर वही बगलेत धरून शेजारी उकिडवे बसले. "तू कसली म्हातारी. गाडी जाड आहे."

मिस्त्रीनं पाणी आणून दिलं आणि त्या सकाळी कुणीच न विचारलेलं विचारलं. "बाई, जायचंय कुठं तुम्हाला?"

"नदीपलीकडे. माझी जुनी गावं आहेत."

"सोबत?"

"हे मागे. दोन पिशव्या."

"पळवणार किती?"

"पन्नासच्या वर गेले की हे माझ्या खांद्याला चिमटे काढतात."

"मग हिचं इंजिन तुम्ही लोणच्यासारखं मुरवत ठेवणार का?" मिस्त्री हसला. "ही लांबच लांब मोकळ्या रस्त्यांची. तुमची वेगळी." त्यानं कोपऱ्यातली एक गाडी पुढे आणली. मोठीपेक्षा शंभर किलोनं हलकी, बारीक अंगाची, अजिबात भाव न खाणारी. मास्तरांनी वही उघडली; त्यांच्या यादीत ती सगळ्यात खाली होती.

ती आडवी झाली. बाईंनी पाठ लावली. पहिल्या खेपेला बूट घसरला. दुसऱ्या खेपेला बाई एक पाऊल मागे, मग आणखी एक, आणि गाडी उभी. विक्रेत्यानं न राहवून टाळ्या वाजवल्या. बाईंनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, "सीट पुढून दोन बोटं कापून द्या. मागून कापू नका, यांची हाडं लागतात."

पंधरा दिवसांनी दोघं पहाटे निघाले. नदीवर आता पूल होता. पलीकडे गुळगुळीत डांबर, पांढरे पट्टे, वळणावर आरसे. पूर्वी पहिल्या गावाला तास लागायचा, तिथं दहा मिनिटांत पोचले. पोरं शाळेच्या बसची वाट बघत उभी होती, कुणी वळूनही पाहिलं नाही. दुसरं गाव, पाचवं, अकरावं. ज्या झाडाखाली पेटी ठेवायच्या तिथं बसथांबा झाला होता. शेवटच्या गावात दवाखाना, त्यात दोन फ्रिज. तिथल्या नर्सनं चहा दिला, आणि बाईंनी बर्फाच्या गोष्टी सांगितल्या तेव्हा तिनं कौतुकानं विचारलं, "आणि हे सगळं एका दिवसात?"

"सगळं कुठलं. आठवड्याला चार गावं."

बाहेर येऊन बाई गाडीपाशी थांबल्या. "अहो, या रस्त्यावर तर स्कूटरसुद्धा चालली असती."

"चालली असती," मास्तर म्हणाले.

"बरं झालं म्हणा पोरांचं."

"हो."

गावाच्या पुढे डांबर संपत होतं. तिथून पुढचा भाग तेव्हा दुसऱ्या नर्सकडे होता. सत्तावीस वर्षं बाईंनी दर फेरीला तिथूनच गाडी वळवली होती. बर्फ वितळायच्या आत परतायचं असायचं. पुढे नुसती खडीची वाट डोंगराला वळसा घालून जात होती. बाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

"तिकडे काय आहे हो?"

"माहीत नाही," मास्तर मागे चढत म्हणाले. "मी फक्त शिकवलंय."

बाईंनी पहिला गिअर टाकला. खडी चाकाखाली करकरली, बाई फूटरेस्टवर उभ्या राहिल्या, आणि मास्तरांनी त्यांच्या जाकिटाची दोन्ही टोकं घट्ट धरली. त्या दिवशी ते घरी परतले नाहीत. वळशापलीकडे एक वस्ती लागली, तिथं मुक्काम झाला, आणि दुसऱ्या सकाळी बाईंनी शेजारच्या म्हातारीला विचारलं, "ही वाट पुढे कुठं जाते?"