तिसऱ्या हाकेपर्यंत

हवालदार जोतीराम पलटणीतून पेन्शनीवर घरी आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत भुताखेतांची पुस्तकंच जास्त निघाली. गावातली वाईट तोंडं म्हणतात, गड्यानं बर्फात लंगरची डाळ ढवळली, दुसरं काय केलं. ते जाऊ द्या. पण भयकथांची पातळ पुस्तकं आणि खऱ्या खुनांचे अंक तो भाकरीसारखे खायचा, आणि अंधार पडल्यावर परसाकडं जायचं म्हटलं की बायकोला, हरणाबाईला, बॅटरी घेऊन पुढं चालायला लावायचा.

"फौजी पुढं आन बायको मागं, अशी जगाची रीत," ती म्हणायची. "आमच्यात उलटं हाय."

हरणाबाईला अक्षर ठाऊक नव्हतं. तिचं बालपण मेंढरांमागं माळावर गेलं. तिथला नेम असा, की रानात कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. चकवा फार तर दोनदा हाक मारतो. तिसऱ्यांदा मारतो तो माणूसच. नातवंडं झाली तरी ही खोड गेली नाही. चहा मागायचा तरी जोतीरामाला तीनदा ओरडावं लागे. शेजारची अंजना चिडवायची, "भावजी, तुमचा चहा लय महाग."

मग हरणाबाईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मिरजेचा दवाखाना सुरू झाला. गावातून वडापची जीप, पुढं एस्टी, मग हातात जाड सुया आणि चार तास मशीन. पाणी घोटाघोटानं प्यायचं. "जल्म पान्यामागं वणवण करन्यात गेला," ती म्हणायची. "आता कालव्याचं पानी दारात आलंय, तर डाक्टर पिऊ देईना. ह्याला म्हनायची भुताची गोष्ट."

मशीनपाशी बसून जोतीराम तिला वाचून दाखवायचा. शेजारच्या खाटेवरचे नानासोही कान लावायचे. "हवालदार, जरा मोठ्यानं. ती बाई हिरीकडं गेली, मग?"

सिस्टर दटावायची, "आजोबा, तुमच्या भुतानं इथल्या लोकांचं बीपी वाढतंय."

जोतीराम लबाड. शेवटची दोन पानं उरली की पुस्तक मिटायचा. म्हातारी गोष्टीच्या ओढीनं पुढच्या खेपेला येईल, असा त्याचा हिशोब. बरेच दिवस तो चालला. मग एका मंगळवारी ती म्हणाली, "आज शेवट वाचा."

"पान फाटलंय गं."

"फाटलं न्हाई. तुमी घडी घालून ठेवलंय. मला वाचता येत न्हाई, दिसतंय." तिनं छताकडं तोंड केलं. "दमले वो मी. सुया नगंत, एस्टी नगं. शुक्करवारी मी येनार न्हाई."

शुक्रवारी सकाळी जोतीरामानं पिशवी भरली. ती पडवीत खांबाला टेकून बसली होती, पाठमोरी.

"हरणे," त्यानं हाक मारली. ओ नाही. तसं ते रोजचंच.

"हरणे, वडाप आलं."

ओ नाही. तिसरी हाक मात्र त्यानं मारलीच नाही. मारली आणि तरी ती गप्प राहिली, तर? चौथ्या हाकेचा नेम कुणी घालून दिलेला नव्हता. इतकी पुस्तकं वाचली, पण असलं भ्या त्याला एकातही भेटलं नव्हतं.

रस्त्यावर वडापवाल्यानं जीपचा हॉर्न वाजवला. "हवालदार, येताय का जाऊ?"

"जा तू."

जीप गेली. जोतीराम तिच्याजवळ टेकला, पिशवीतून पुस्तक काढलं, घडी उलगडली आणि शेवट वाचून टाकला. हिरीत पडलेली बाई अंथरुणात जागी होते, एवढंच.

"सपान व्हतं?" हरणाबाईनं विचारलं.

"सपान."

"आन ह्याच्यासाठी मला झुलवलंत?"

"मला शेवट आधीच ठावं व्हता. म्हनून तर वाचत नव्हतो."

ती गालातल्या गालात हसली, पण हसायलाही तिला दम लागला. "तिसरी हाक का मारली न्हाईसा?"

"भ्या वाटलं."

"कशाचं?"

रोज ती बॅटरी घेऊन पुढं चालायची, त्या परसाकडच्या वाटेकडं तो बघत बसला. हरणाबाईनं त्याची नजर कुठं गेली ते पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"मारा आता."

"हरणे," तो शेजारी बसूनच म्हणाला, अगदी हळू.

खांबाला धरून ती उठली. "ओ," ती म्हणाली. "दुसरं वडाप बघा. आन ते पुस्तक घरात ऱ्हाऊ द्या. आज मी सांगते."

उशीर झाला म्हणून सिस्टर बोलली, पण मशीन लागलं. हरणाबाई डोळे मिटून सांगू लागली. "आमचा तळ नदीकाठी पडला व्हता. आमच्या थोरल्या भावानं, अर्जुनादानं, सांजंला मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडली, तर एक जास्त भरलं. फिरून मोजली, तरी जास्त. समद्यांच्या कानाला आमच्याच खुनंचा काप. कमी भरलं तर म्हनावं लांडगा. जास्त भरलं तर काय म्हनायचं?"

नानासोंच्या हातातला बिस्किटाचा तुकडा हातातच राहिला. सिस्टर बीपीचा पट्टा घेऊन आली ती उभीच. अर्जुनादा बॅटरी घेऊन एकेका मेंढराचं तोंड बघत वाघरीत शिरला, आणि एवढ्यात मशीन पिपाणीसारखं वाजलं; सिस्टरनं बटण दाबून आवाज बंद केला.

"मग?" नानासो म्हणाले.

"दमले मी. राह्यलेलं मंगळवारी."

तिला लगेच झोप लागली. नानासो कुजबुजले, "हवालदार, तुमाला तरी ठावं असंल की पुढचं."

"न्हाई," जोतीराम म्हणाला. खाली वाकून त्यानं तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. "आन इचारनार बी न्हाई."