वसंताची सायकल

आमच्या वाडीतून मी दोनदा निघालो. पहिल्यांदा एकटा होतो. एस.टी.ला वेळ होता, वडील सड्यावरच्या थांब्यापर्यंत आले होते. गाडी दिसली तेव्हा एवढंच म्हणाले, "कागद धाडशीत तो खरो धाड. बरां आसा म्हणान उगाच लिवू नको." दुसऱ्यांदा निघालो तो बऱ्याच वर्षांनी, रजा संपवून, आणि त्या वेळी माझ्याबरोबर वसंत होता. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये वेल्डर हवे होते आणि वसंताचा हात चांगला होता. त्याची आई थांब्यावर माझं मनगट धरून म्हणाली, "बाबल, झिलाक तुझ्या हवाली करतंय." मी म्हणालो, "काकी, मी आसंय मा."

देवीच्या जत्रेला निघणाऱ्या आपल्या वाडीच्या पुस्तकात बाहेर गेलेल्यांनी आठवणी लिहायची पद्धत आहे. मी याआधी दोनदा लिहिलं. एकदा वाळवंटातल्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल आणि एकदा अबुधाबीच्या गणपतीबद्दल. दोन्ही लेख खरे होते, पण वसंताचं नाव दोन्हीत नव्हतं. आता बहात्तर पूर्ण झाली. राहिलेलं लिहितो.

वसंताने आल्यावर वर्षभरात एक सायकल घेतली. काळी, जड, पुढे डब्यासाठी टोपली. कंपनीची बस फक्त हजेरीच्या वेळेला सुटायची, आणि त्याला कामगारांच्या कॅम्पवरून स्वतःच्या मर्जीने यायला-जायला आवडायचं. मागच्या कॅरियरला त्याने स्वतः सळईचे दोन आडवे तुकडे मारून घेतले होते आणि दोन पायांचं जाड स्टँड बनवलं होतं. आम्ही त्याला हसायचो. एक पठाण फिटर म्हणायचा, "वसंत भाई, ये साइकिल है या क्रेन?" वसंत म्हणायचा, "खान साब, कल आपको बिठा के दिखाता हूँ."

शुक्रवारी मी कुटुंबाला घेऊन कधीकधी वर्कशॉपवर जायचो. मागच्या आवारात खडी पसरलेली होती. तिथे माझी मुलगी मीरा याच सायकलवर शिकली. वसंत कॅरियर धरून मागे पळायचा आणि ओरडायचा, "ब्रेक मारू नको गो, खडयेत ब्रेक मारूचो नाय. सायकल आपली आपण सरळ होता." मीरा शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि वसंतकाकांशी अर्धीमुर्धी मालवणी बोलायची.

मग २००८चं वर्ष संपता संपता मंदी आली. दुबईतले टॉवर थांबले आणि त्यांचे जिने, रेलिंग आमच्या आवारात पडून राहिले. ऑर्डरी 'होल्ड'वर गेल्या. रुवैसच्या रिफायनरीचं एक काम तेवढं चालू होतं, त्याचे जिने वसंत करत होता. मी शॉपचा फोरमन.

एका सकाळी हेड ऑफिसमधून मॅनेजरचा फोन आला. तो अरब, चांगला माणूस, पण कमी शब्दांत बोलणारा. बाजूला ग्राइंडर चालू होता. तो म्हणाला, "वसंत, खलास?" त्याच सकाळी वसंताने रुवैसचा शेवटचा जिना पुरा केला होता. मला वाटलं, तो जिन्याचं विचारतोय. मी म्हणालो, "खलास." तो म्हणाला, "शुक्रन," आणि फोन ठेवला.

इथे राहिलेल्यांना माहीत आहे, या एका शब्दात काय काय मावतं. काम झालं तरी खलास, जेवण झालं तरी खलास, भांडण मिटलं तरी खलास, आणि माणसाला काढला तरी खलासच. दुपारी यादी आली. आमच्या शॉपमधून एक नाव कमी करायचं होतं, आणि तिथे वसंताचं नाव टाइप केलेलं होतं. मॅनेजरला वाटलं होतं, मी होकार दिला.

इथपर्यंत चूक होती. तिच्याबद्दल मला कोणी दोष देणार नाही. पुढचं मी केलेलं आहे.

मी ऑफिसला गेलो. व्हिसाची कामं बघणारा माणूस म्हणाला, "फोरमन साहेब, नाव बदलतो, पण दुसरं सांगा. एक तर लागेल." माझ्या शॉपमध्ये तेव्हा सहा माणसं होती, मला धरून सात. मीरा बारावीला होती. मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "राहू दे तसंच." पुरता एक मिनिटसुद्धा लागला नाही.

वसंताला मी सांगितलं, "वरून यादी आली रे." त्याने विश्वास ठेवला. एअरपोर्टच्या व्हॅनमध्ये चढताना त्याने सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली. "दादानू, टायरात हवा भरून ठेवा. म्हयन्याभरात परत येतंय मी." मी म्हणालो, "इन्शाल्ला." तोही शब्द इथे फार उपयोगी पडतो.

त्या वर्षी रजेवर आलो तेव्हा वाडीत विचारणं झालं. वसंताला का पाठवला? त्याची आईही ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, "काय म्हायत. कायतरी झाला आसात." बस एवढंच. या 'कायतरी'चं पुढे वाडीने काय काय केलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोणी दारू म्हणालं, कोणी कॉपरच्या केबलची चोरी. मी अबुधाबीला परत गेलो होतो.

सायकल वर्कशॉपच्या भिंतीला उभी होती. हवा भरायला म्हणून मी ती एका शुक्रवारी बाहेर काढली आणि चालवून बघितली. मग दर शुक्रवारी. मुसफ्फाच्या कडेला खाऱ्या जमिनीचे पट्टे आहेत, वर कडक पापुद्रा आणि खाली ओल. त्या कच्च्या वाटांवरून मी सकाळी खाडीपर्यंत जायचो. गुडघे सुटले, साखर उतरली. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातलं मोठं सुख मला त्या सायकलने दिलं, आणि ती माझी नव्हती.

आता मी मुलाच्या व्हिसावर अबुधाबीतच राहतो. मीरा स्वीडनला गेली, तिथल्या एका लहान गावात इंजिनियर आहे. इथे उन्हाळा पेटला की मी दोन महिने तिच्याकडे जातो आणि आम्ही दोघं सायकलवर निघतो. तिकडे गावांना जोडणारे खडीचे रस्ते आहेत, मैलोन् मैल. एका बाजूला पाइनचं जंगल, दुसऱ्या बाजूला तळं, ते संपलं की टेकडी, आणि टेकडीवरून बघावं तर पुढे आणखी दोन तळी. कापलेल्या ओंडक्यांच्या रांगा, लाल लाकडी घरं, रस्त्याच्या फाट्यावर एका फळीवर ठोकलेल्या सात-आठ टपालपेट्या. माणूस मात्र तासात एखादा दिसतो, तोही हात करतो. जंगलातलं ब्लूबेरीचं फळ कोणीही तोडून खावं, कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या करवंदांसारखं. धूळ बसावी म्हणून उन्हाळ्यात ते लोक रस्त्यावर मीठ टाकतात. मला पहिल्यांदा ते कळलं तेव्हा हसू आलं. मीठ लागून ओलसर झालेली ती खडी चाकाखाली अगदी मुसफ्फासारखी वाजते.

गेल्या उन्हाळ्यात एका लांब उतारावर माझं चाक सरकलं. मी ब्रेककडे बोटं नेली तशी मीरा मागून ओरडली, "बाबा, खडयेत ब्रेक मारूचो नाय!" मी बोटं काढली. सायकल आपली आपण सरळ झाली.

खाली तळ्याला लाकडी धक्का होता. तिथे बसून आम्ही थर्मासमधला चहा घेतला. मीरा म्हणाली, "वसंतकाका गेले कुठे? मी बोर्ड्सच्या गडबडीत होते, ही जस्ट डिसअपियर्ड." माझ्या तोंडून सवयीने निघालं, "गेला परत. काहीतरी झालं असेल."

ती म्हणाली, "काहीतरी म्हणजे? व्हॉट डू यू मीन, काहीतरी?"

वाडीत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, फोन, यादी, ती खुर्ची. ती पाण्याकडे बघत ऐकत होती. बारावीचं आलं तेव्हा तिने कप खाली ठेवला. "माझं नाव नका घेऊ, बाबा. मी नव्हतं सांगितलं." मग म्हणाली, "आणि मला कशाला सांगताय? टेल हिम."

वसंत आता तालुक्याला ग्रिल आणि गेट बनवतो, हे मला ठाऊक होतं. नंबरही होता, कधी लावला नव्हता. धक्क्यावरूनच लावला. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग एका दमात सांगून टाकलं. पलीकडे कोणीतरी लोखंड ठोकत होतं, ते त्याने थांबवायला सांगितलं.

"आणि माजी सायकल?" तो म्हणाला. "ती खंय आसा?"

मी म्हणालो, "आसा, अबुधाबीक. मीच चालवतंय."

"स्टँड धड आसा मा?"

"धड आसा."

"मगे आयकां," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "यादीचा जावंदे. कोणाचा तरी नाव जावचाच होता. पण तुमी वाडयेत येवन 'कायतरी' म्हटलात. त्या कायतरीचा उत्तर माज्या आवशीक शेवटपर्यंत गावाक नाय. ती माकाच इचारी, खरा सांग रे, काय केलंस?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माका फोनार सांगून काय उपेग? माका म्हायत आसा मी काय केलंय नाय ता. वाडयेक सांगा. पुस्तकात दोनदा लिवलात मा, उन्हाळ्याचा आणि गणपतीचा? आता ह्या लिवा." आणि ठेवताना म्हणाला, "सायकल घेवन या."

तर हे वाडीसाठी. वसंताने दारू प्यायली नाही, केबल चोरली नाही, तो कोणाशी भांडला नाही. रुवैसचा जिना त्याने वेळेत आणि उत्तम केला. त्याला परत पाठवला तो मी यादीतलं नाव तसंच राहू दिलं म्हणून, आणि त्याचं नाव खराब झालं तेही माझ्या एका शब्दामुळे. काकी गेली, तिला हे सांगायला मी उशीर केला. त्याला इलाज नाही.

इतकी वर्षं मला कोणी विचारलं, घर कुठलं, तर मी वाडीचं नाव सांगायचो आणि रजा चार दिवसांवर उरकायचो. सड्यावरच्या थांब्याजवळ उभं राहायला नको वाटायचं. स्वीडनच्या रस्त्यांवर मला फार बरं वाटतं, पण तिथे मला कोणी ओळखत नाही, त्याचाही त्यात वाटा असावा. आता असं वाटतं की जिथे तुमच्याबद्दलचं खरं लोकांना माहीत आहे आणि तरी कोणीतरी 'या' म्हणतं, ते घर. मला एका माणसाने 'या' म्हटलं आहे. बाकीच्यांचं मी आल्यावर बघू.

जत्रेला येतोय. सायकल सुटी करून खोक्यात भरली, हॉलमध्ये उभी आहे, सूनबाई दोन दिवस तिच्या बाजूने वळसा घालून जातेय. कार्गोवाला मल्याळी पोरगा म्हणाला, "अंकल, टायर का हवा निकालना पड़ेगा." काढली. वसंत थांब्यावर येतो म्हणाला आहे. पंप मी वेगळा, हातातल्या पिशवीत घेतलाय. हवा मीच भरणार आहे.