डेपोकाकांचा निमआराम

डेपोकाकांना हळू बोलता येत नसे. प्रयत्न ते मनापासून करत, पण त्यांचं हळू म्हणजे इतरांचं भांडण. अर्विंगमध्ये मी नवा राहायला आलो त्या शनिवारी गाडीतून तांदळाची पिशवी काढत होतो, तेवढ्यात शेजारच्या कुंपणापलीकडून खणखणीत, शुद्ध मराठीत घोषणा झाली, "प्रशांत, चहा लागलेला आहे. अन्वी, दूध लागलेलं आहे. कृपया उशीर करू नये." टेक्ससच्या त्या शांत गल्लीत समोरचे गवत कापणारे आजोबा मशीन बंद करून उभे राहिले. मी पिशवी तिथेच ठेवली आणि चहाच्या दिशेने निघालो. माझं नाव घोषणेत नव्हतं, हे दारात पोचल्यावर लक्षात आलं. चहा मिळाला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. स्टँडवरचा माइक बहुधा बिघडलेला असे, त्यामुळे आवाजाला ती सवय लागली होती. नोकरी संपली, पुढे काकू गेल्या, आणि अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर मुलाने, प्रशांतने, त्यांना कायमचं इकडे आणलं. जयंतीच्या कार्यक्रमाला भाड्याच्या हॉलमध्ये माइक बंद पडला, तेव्हा कार्यकर्ते वायरी हलवत बसले आणि काका नुसते उभे राहिले. त्यांनी बुद्धवंदनेतलं त्रिशरण सुरू केलं. ज्यांना हॉल सापडत नव्हता तीही माणसं आत आली. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे डेपोकाका झाले. एक मात्र खरं, घोषणा शुद्ध भाषेत. खुर्चीत बसले की वऱ्हाडी.

घरात माणसं चार. प्रशांत वरच्या मजल्यावरून काम करी, त्याची बायको शिल्पा खालच्या खोलीतून, आणि अकरा वर्षांची अन्वी शाळेतून आली की कानात इअरफोन घालून दार लावून घेई. शिल्पा वाईट मुळीच नव्हती. दार अर्धं उघडून ती म्हणे, "आबा, सॉरी, जरा हळू ना. क्लायंटचा कॉल आहे." काका मान डोलावत. मग ते मागच्या अंगणात बसायला लागले. तिथून आवाज आत यायचा म्हणून गॅरेजमध्ये. मी विचारायचो, "काका, करमतं का?" ते म्हणत, "सगळं आहे न इथं." चहा हवा का, सगळं आहे न. विहारात, दुकानात, तलावावर यायचं का, सगळं आहे न. हा माणूस समाधानी आहे, अशी माझी समजूत झाली होती.

त्यात अन्वीला कुत्रा हवा झाला. वर्षभर नकार दिल्यावर शिल्पा 'बघू' म्हणाली, आणि आपल्याकडे आईचं 'बघू' म्हणजे काय ते मुलांना अमेरिकेतही कळतं. सोडून दिलेले कुत्रे सांभाळणाऱ्या एका संस्थेत दोन कुत्रे त्यांना पसंत पडले. दोन्ही हाउंड, म्हणजे शिकारी जातीचे. एक बीगल, एक ग्रेहाउंड. संस्थेच्या बाईंनी समजावून सांगितलं की बीगल नाकाने शिकार शोधतो आणि ग्रेहाउंड डोळ्यांनी. प्रशांतने त्याचं भाषांतर केल्यावर काका म्हणाले, "म्हंजे एक प्रवासी विचारत विचारत गाडी शोधते आन् दुसरा बोर्ड वाचून." बाईंनी दोघांनाही एकेक आठवडा घरी नेऊन बघायची परवानगी दिली.

आधी बीगल आला. त्याचं नाव बिस्किट, आणि ते त्याला लागू होतं, कारण घरातली बिस्किटं दुसऱ्या दिवशी संपली. मग त्याने बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला. कसा ते कोणालाच कळलं नाही. तो डबा प्रशांतलासुद्धा उघडत नसे. पण बिस्किटची खरी गुणवत्ता गळ्यात होती. दारावरून पोस्टमन गेला, खार गेली, ढग गेला, की तो मान वर करून लांबलचक हेल काढी. शिल्पाच्या क्लायंटने एकदा काळजीने विचारलं, तुमच्याकडे सगळे सुखरूप आहेत ना? काका मात्र खूश. बिस्किटने हेल काढला की ते गॅरेजमधून ओरडत, "विनावाहक, विनाथांबा!" तो उत्तर देई. मग काका उत्तर देत. अन्वी कानातलं काढून गॅरेजच्या पायरीवर येऊन बसू लागली. आम्ही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं की काकांचा कौल कुठे जाणार.

मग ग्रेहाउंड आला. तो शर्यतीत पळून निवृत्त झालेला होता. वय चार. काका म्हणाले, "चौथ्या वर्षी रिटायर! पेन्शन?" नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. उंच, करडा, फासळ्या मोजता येतील असा तो प्राणी दारातून आत आला आणि जिथे उभा राहिला तिथेच उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना, ये म्हटलं तर येईना. घर त्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. काचेच्या दारावर आपटला, आरशाला घाबरला. जिना म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं. अन्वी वर गेली की तो खालच्या पायरीशी उभा राहून वर बघे. भुंकत नसे, कण्हत नसे. एकदा प्रशांत-शिल्पा त्याला जेवण द्यायला विसरले, ते संध्याकाळी लक्षात आलं. तो रिकाम्या भांड्याशेजारी उभा होता, इतकंच.

रविवारी निर्णय होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सगळे बसले. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, आणि पोहे होते.

"I want Biscuit," अन्वी म्हणाली. "He's fun. आबा लाइक्स हिम."

"हा शांत आहे," शिल्पा म्हणाली. "माझे कॉल आहेत यार, रोज कोणाकोणाला सॉरी म्हणू? पण खरं सांगू, मला ह्याचीही भीती वाटते. त्याला काही होत असेल तर आपल्याला कळणार कसं?"

प्रशांत म्हणाला, "आबा, तुमचं मत फायनल. बिस्किटच ना?"

काकांनी पोह्यांची बशी बाजूला केली. "नाही," ते म्हणाले. "हा."

अन्वीचे डोळे भरले. "But you love Biscuit!"

"त्याच्यावर जीव आहेच न. म्हनून सांगतो. त्याले कोनीही नेईल. जो वरडते त्याची गाडी चुकत नाही." ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "मी तीस वर्सं स्टँडवर पाह्यलं. जो प्रवासी दहा वेळा येऊन डोकं खाते, तो बरोब्बर चढते. चुकते कोन? जो बाकावर गप बसते. त्याले वाटते, कोनी तरी सांगंल. आपुन कशाले कोनाले तरास द्या. शेवटची गाडी गेल्यावर मी बाहेर येऊन पाहावं, तं तो बसलाच आहे. मी विचारावं, बापा, तू विचारलं काऊन नाही? तो म्हने, तुमी कामात होते न साहेब."

शिल्पा काकांकडे बघत राहिली. मग तिने कानातला कॉलचा इअरफोन काढला. तो सुटीच्या दिवशीही तिच्या कानात असे, हे बहुधा तिलाही माहीत नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

"मले? सगळं आहे न–"

"नाही. नीट सांगा."

काकांनी बराच विचार केला. "ज्वारीची भाकर," ते म्हणाले. "आठवड्यातून दोनदा. आन् गॅरेजात गरम लय होते."

शिल्पा उठून सिंककडे तोंड करून उभी राहिली आणि धुतलेलीच कपबशी पुन्हा धुऊ लागली. बिस्किटला दुसऱ्या कुटुंबाने उचललं. तिथे तीन मुलगे आहेत असं कळल्यावर अन्वीने काकांशी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

कुत्र्याचं नाव काकांनी निमआराम ठेवलं. एसटीची निमआराम गाडी जशी धावली तर धावते आणि उभी राहिली तर हलत नाही, तसाच हा, असं त्यांचं म्हणणं. तो अंगणात एकदा वाऱ्यासारखा गोल धावे आणि उरलेला दिवस सोफ्यावर चारी पाय वर करून झोपे. "निम कुठला, पूर्ण आराम आहे," प्रशांत म्हणे. समोरचे आजोबा त्याला 'मिस्टर नीम' म्हणत. काकांनी जिन्याच्या पायऱ्यांना थांब्यांची नावं दिली. खालची वणी, मग मारेगाव, मग करंजी. एकेका थांब्यावर चिकनचा तुकडा. काका खालून घोषणा करत आणि अन्वी वर बसून हाका मारी. मारेगावला तो कितीतरी दिवस अडकून पडला. ज्या दिवशी वर पोचला त्या दिवशी शिल्पाने मीटिंग म्यूट करून टाळ्या वाजवल्या. काकांची खुर्ची तोवर गॅरेजमधून बैठकीच्या खोलीत आली होती, आणि 'हळू' हा शब्द त्या घरात मी पुन्हा फारसा ऐकला नाही.

सगळं असं मार्गी लागल्यावर, एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता काका म्हणाले, "मले परत जायाचं आहे. नागपूरले, पोरीकडं."

शिल्पा चिडली. खरंच चिडली. "आत्ता कुठे घर लागलंय आबा! आमचं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. तुमी विचारलं होतं न, काय पाह्यजे. भाकर आधी आठवली. हे आता आठवलं." मग ते तिला समजावत म्हणाले, "आधी गेलो असतो तं पळून गेल्यासारखं झालं असतं. आता घर सोडून जाता येते."

मीच गाडी चालवली. विमानतळावर कुत्र्याला आत नेता येत नाही म्हणून निमआराम मागच्या सीटवर राहिला. अन्वीने काकांना इतकं घट्ट धरलं की प्रशांतला तिची बोटं सोडवावी लागली. काकांनी मला सांगितलं, "ह्याची नखं वेळेवर कापा." मी शेजारी होतो, कुत्रा माझा नव्हता, पण मी हो म्हणालो.

दीड वर्षाने नागपुरात ते दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. प्रशांत, शिल्पा, अन्वी मिळेल त्या विमानाने गेले. निमआराम माझ्याकडे आला. मला वाटत होतं, त्याला काहीतरी जाणवेल. लोक सांगतात तसं तो अन्न सोडेल, दाराकडे बघत बसेल. तसं काही झालं नाही. त्याने दोन्ही वेळा पोटभर खाल्लं आणि माझ्या सोफ्यावर माझ्यासाठी जागा ठेवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अन्वीचा फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती.

"काका, त्याला सांगितलंत?"

"काय?"

"आबांचं."

"नाही गं. त्याला कसं सांगणार?"

"मग फोन त्याच्या कानाशी धरा ना. मी सांगते."

मी सोफ्याशेजारी जमिनीवर बसलो आणि फोन त्याच्या लांबट, मऊ कानाला लावला. तो जागा झाला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही; मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. बराच वेळ ती बोलत होती. निमआरामने मान हलवली नाही. बोलणं संपल्यावर त्याने एक सुस्कारा टाकला, पाय ताणले आणि झोपला. मी मात्र फोन तसाच धरून बसलो होतो, कारण पलीकडून तिने अजून ठेवला नव्हता.