सरांचा डावा डोळा

पडेगावच्या मैदानावर रोज सकाळी एक सर कॉलेजच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचे. कुणी डावीकडून हाक मारली, की ते अख्खे वळायचे. एकदा डावीकडून आलेला बॉल थेट त्यांच्या खांद्यावर आदळला, तेव्हा मी फेऱ्या मारणं सोडून धावलो.

“डावा डोळा गेलाय,” ते खांदा चोळत म्हणाले. “लई वर्षांपूर्वी एका पोरीचा बॉल लागला. सूज उतरली, पण नजर आली नाय.”

मला धक्काच बसला. “तिला माहीत आहे?”

“नाय. कळलं असतं तर तिनं खेळ सोडला असता.”

तेवढ्यात त्यांच्या हाताखालच्या तरुण कोच मॅडम पाण्याची बाटली घेऊन आल्या.

“सर, लागलं का?”

“नाय गं. तू प्रॅक्टिस चालू ठेव.”

त्या लांब गेल्यावर सर हळूच म्हणाले, “हीच ती.”

पलीकडं मॅडम मुलींना बॉल कसा धरायचा ते दाखवत होत्या.