मुठीच्या आतला गंज

सई, ओम — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे बसूनही नाही. तिथे मी दिवा लावते, स्तोत्र म्हणते आणि मन या गोष्टीपाशी आलं की घाईने पुढे जाते.

आत्ता दुपार आहे. आजोबा आत झोपलेत. मी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय आणि बाहेर लिफ्टचं दार उघडलं तरी दचकतेय. कसली भीती? या वयात मला कोण काय करणार आहे? — पण आहे.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर, सई, तू करपलेला केक दाखवलास आणि म्हणालीस, "आज्जी, टोटल लिम केला मी!" ओम, तू विचारलंस, "वेट, लिम इज अ पर्सन?" त्यावर आजोबा म्हणाले, "होता एक गाढव. हात लावील त्याचं वाटोळं करायचा." सगळे हसले. मीही हसले. मी हसले, हे आधी लिहून ठेवते.

आपल्या घरात काही बिघडवलं की ‘लिम केलं’ म्हणतात. तुमच्या बाबाने सायकलची चेन तोडली तेव्हापासून. तुम्ही टोरांटोत जन्मलात, तुम्हाला तो मराठीच शब्द वाटत असेल. तो एका माणसाचं आडनाव आहे.

मिस्टर लिम इथे सिंगापुरातच, बुकित बातोकला आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये राहायचे. इथल्या लोकांसारखं वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावायचे. आजोबांना जुन्या जपानी तलवारींचा नाद त्यांनीच लावला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी ही मंडळी जमत, पांढऱ्या कापडावर तलवारी ठेवत आणि पात्यावरच्या ढगासारख्या रेषा दिव्याखाली बघत तासन्‌तास वाद घालत. लिम यांच्याकडे स्वतःची तलवार नव्हती, परवडण्यासारखी नव्हती. पण त्यांचा हात इतका हलका, की सगळे आपापली तलवार बिनघोर त्यांच्या हवाली करत. मूठ काढली की आत पात्याचा जो बोथट भाग असतो, त्यावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं. लिम त्यावर पातळ कागद धरून काळा खडू फिरवत आणि अक्षरांचा ठसा घेत. एवढंच त्यांचं काम. त्या मंडळींत त्यांना जी किंमत होती, ती या विश्वासाची.

त्यांची आई पेरानाकन होती, म्हणजे इथल्या जुन्या चिनी-मलय घराण्यातली. चिंचेचा रस्सा ही तिची खासियत. त्याला ते आसाम म्हणत. आम्ही मासे खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळ्या डब्यात नुसती भेंडी घातलेला रस्सा आणायचे. — हे का सांगतेय? कळेल.

आजोबांनी परवाना काढून तलवार घेतली. लिम ठसा घ्यायला ती चार दिवस घरी घेऊन गेले, परत आणून दिली. मग आजोबा ऑफिसच्या कामाला जकार्ताला गेले आणि खंडेनवमी आली.

घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, हे मला पटेना. पात्याला जुनं तेल पुसून नवं कसं लावायचं, हे आजोबांनी मला शिकवलं होतं. मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ हलकेच कशी सोडवतात, ते मात्र मी बैठकीत नुसतं पाहून शिकले होते. मी तसं केलं. आणि आत पाहिलं तर — गंज. दाट, काळपट, चॉकलेटी गंज. पातं आरशासारखं आणि आत हे! मला शिसारी आली. मी कॉन्व्हेंटात वाढले, तिथे रोज नखं तपासली जात. माझ्या घरात पलंगाखालची कळशीसुद्धा चकचकीत असते. देवापुढे असं शस्त्र ठेवायचं?

मी चिंच भिजवली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली. पितळेची समई घासते तसं घासलं.

आजोबांनी सांगितलं नव्हतं, असं इथे लिहायचा मोह होतोय. ते खोटं आहे. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मुठीच्या आतल्या भागाला काही करायचं नाही. हातसुद्धा लावायचा नाही." मला वाटलं, पुरुषांचा आळस, दुसरं काय? लोखंड पांढरं निघालं. कोरलेली अक्षरं जरा पुसट झाली, पण मला ती नाहीतरी वाचता येत नव्हती. मी खूश होते. पूजा केली, पुसलं, तेल लावलं, मूठ बसवली.

आजोबा परतले. म्यानातून पातं थोडंसं बाहेर काढून त्यांनी ताजं तेल पाहिलं, "वा!" म्हणाले आणि ठेवून दिलं. मूठ काढली नाही. आत चकाकतंय ते मी मुद्दामच सांगितलं नाही — त्यांना आपलं आपण दिसून नवल वाटावं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे बैठक होती. जपानहून एक जाणकार आले होते. मी चहाचा ट्रे घेऊन हॉलच्या दारात उभी होते, तेव्हा ते दुसऱ्या कुणाची तरी तलवार हातात घेऊन इंग्रजीत समजावत होते. मुठीच्या आतला गंज शेकडो वर्षांत धरतो. त्याच्या रंगावरून वय ठरतं, नाव खरं की खोटं ते ठरतं. तो एकदा गेला की परत आणता येत नाही. तो काढणं म्हणजे तलवारीचं तोंड पुसून टाकणं.

यानंतर आपली तलवार होती.

तेव्हा बोलता आलं असतं. खुंटी निघेपर्यंत वेळ होता. मी ट्रे खाली ठेवला. त्यांनी मूठ काढली, पाहिलं आणि तलवार कापडावर ठेवून हात मांडीवर घेतले. मग आजोबांचा आवाज, मी कधी ऐकला नव्हता असा: "लिम, हे तू काय केलंस?"

का लिम? कारण आजोबांनंतर मूठ काढणारा तो एकच — असं सगळ्यांना वाटत होतं.

"मी नाही, ला. मी फक्त कागद लावला," लिम म्हणाले.

"ठसा स्वच्छ यावा म्हणून घासलंस! म्हणूनच इतका सुंदर आला!"

मी काय केलं? स्वयंपाकघरात गेले. घासणी वर्तमानपत्रात गुंडाळली, चिंचेचा डबा घेतला — भरलेला होता — आणि दोन्ही कचऱ्याच्या शूटमध्ये, भिंतीतल्या त्या नळकांड्यात, टाकलं. ते प्रत्येक मजल्यावर आपटत खाली जाताना ऐकू येत होतं. वाटलं, हा आवाज सगळ्या ब्लॉकला ऐकू जातोय. हॉलमध्ये एक माणूस बुडत होता आणि मी डबा फेकत होते.

परत आले तेव्हा लिम तो भाग डोळ्यांजवळ धरून बघत होते. खुंटीच्या भोकात काहीतरी अडकलं होतं. नखाने त्यांनी ते ओढून काढलं. चिंचेची एक शीर. बाकी कुणाला ती दोऱ्यासारखी वाटली असती. त्यांना नाही — त्यांच्या आईच्या हातचं ते रोजचं होतं. त्यांनी ती बोटांत चोळली. वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

मी वाट बघत होते.

लिम यांनी ती शीर शर्टाच्या खिशात टाकली. "सॉरी," ते आजोबांना म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर कुणी त्यांच्या हातात तलवार दिली नाही. ते बैठकीला यायचे थांबले. कितीतरी महिने फोन वाजला की मला वाटायचं, आता सांगणार. बेल वाजली की वाटायचं, दारात तेच आहेत. मी चिंच आणणंच सोडलं. आजोबांनी विचारलं तर मी म्हणाले, चिंच सोसत नाही. तुम्हाला आज्जीची आमसुलाची आमटी आवडते ना? ती अशी सुरू झाली.

आणि आजोबा ‘लिम केलं’ म्हणायला लागले. मग तुमचा बाबा, मग तुमची आई, आता तुम्ही. दर वेळी मला थांबवता आलं असतं. नाही का?

गेल्या वर्षी मी त्यांना एमआरटीच्या, इथल्या मेट्रोच्या, फलाटावर पाहिलं. हातात काठी आली आहे. आता पुंगोलला मुलीकडे राहतात. मी खांबाआड झाले, पण त्यांनी पाहिलं होतं. काठी टेकत जवळ आले. "मिसेस जोग! पात्याला तेल लावता ना वेळेवर? इथली हवा वाईट, ला."

"लावते," मी म्हणाले. गाडी आली, ते चढले.

त्यांनी ते माझ्यासाठी केलं की आजोबांसाठी? माफ केलंय की तुच्छ मानतात? विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं. पूर्वी भीती वाटायची की ते सांगतील. आता वाटते, की ते कधीच सांगणार नाहीत. मग हा एक शब्द तुमच्या मुलांपर्यंत जाईल आणि त्या माणसाचं एवढंच उरेल.

तलवार मी बिघडवली. लिम यांनी नाही.

आत पलंग करकरला. आजोबा उठले, पायाने सपाता चाचपडतायत. चहाची वेळ झाली. या वेळेला मी टेबल आवरून ठेवते, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. आज आवरलेलं नाही. हे कागद त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवतेय, लिहिलेली बाजू वर करून.