उतारावरची हाडजोड

आमच्या घरातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. दुसऱ्या कुठं जातात म्हणे, आमच्यात नाही. अहमदपूरच्या बाहेर माळाच्या उतारावर आमचं कब्रस्तान आहे, त्याला कमरेएवढी दगडी भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या अलीकडे रस्त्यावर उभं राहून मी अम्मीसाठी फातेहा पढते. अम्मी गेली त्याला आता चार वर्षं होतील.

अडचण एवढीच की अम्मी नेमकी कुठं आहे ते मला रस्त्यावरून दिसत नव्हतं. भाईनं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, बोट करून सांगितलं होतं की लिंबाच्या खाली चौथी. मी मोजायला लागले की कधी तीन भरायच्या, कधी पाच. उतार म्हणजे नुसता खडक, वर चार बोटं मुरूम. जोराचा पाऊस झाला की कबरीवरची माती खाली वाहून जाते, आणि दोन पावसाळ्यांत कबर जमिनीला मिळते. सिमेंटची कबर बांधायची नाही हे अब्बांच्या काळापासून घरात ठरलेलं. म्हणजे आणखी एक पावसाळा, की अम्मी हरवली. 

पहिल्या वर्षी भाईनं सगळे लावतात तसा सब्जा लावला होता. कबरीवर ओलं पान असलं की ते अल्लाचं नाव घेतं आणि तोवर खालच्याला आराम मिळतो, असं आमच्यात मानतात. पण त्या खडकावर सब्जा कुठला टिकतो! उन्हाळा लागायच्या आतच त्याच्या काड्या झाल्या. मग मला रात्रंदिवस एकच कोडं, की बारा महिने हिरवं राहील असं त्या मेल्या उतारावर लावायचं तरी काय.

मी शिवणकाम करते, मशीन दारातच आहे. ब्लाउज न्यायला आलेली खेड्यातली एक शेतकरीण माझं हे रडगाणं ऐकत होती. तिनं दाराजवळच्या फुटक्या बादलीकडं बघितलं आणि म्हणाली, "ही काय हाय मग? आमच्या माळाला खडकावर लई पसरलीय. शेरडं तोंड लावत न्हाईत हिला."

बादलीत हाडजोड होती. अम्मी न्हाणीत घसरून मनगट मोडून बसली होती, तेव्हा कुणीतरी ही वेल वाटून बांधायला आणून दिली होती. हाड जुळलं, आणि उरलेलं कांडं अम्मीनं बादलीत खोचलं. त्यानंतर वेलीला कुणी पाणी घातलं नाही, माती बदलली नाही, तरी चौकोनी हिरवी कांडी एकातून एक फुटत दारापर्यंत आली होती. मी येताजाता तिला अडखळून शिव्या घालायची. आता तिच्याकडं बघून मला स्वतःचीच लाज वाटली.

लावणंही काही धड जमलं नाही. पहिल्यांदा मी ताजी कांडी कापून लगेच कुंडीत लावून बघितली, ती सडली. मग कळलं की कापल्यावर तीन-चार दिवस सावलीत ठेवून तोंड सुकू द्यायचं असतं. तिचा चीक हाताला लागला आणि मी संध्याकाळपर्यंत खाजवत बसले. भाभी म्हणाली, हाडं जोडून अम्मींना घरी परत आणता की काय. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग रडू आलं, आणि तिन्हींतलं खरं कुठलं ते मलाच कळेना.

पावसाळ्याच्या तोंडाला मी दोन दोन पेरांच्या तुकड्यांची पिशवी भरून भाईच्या हातात दिली. एक पेर मातीत, एक वर, उताराच्या बाजूला दगड लावायचे म्हणजे माती अडते, असं चारचारदा बजावलं. तो तासाभरात परत आला. लावली का विचारलं तर हाव म्हणाला. रोज विचारलं तरी रोज हावच. आमच्या भाईच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

पण पुढच्या उन्हाळ्यात मी भिंतीशी गेले आणि बघतच राहिले. सगळा माळ भाजून निघालेला, गवताची काडी नाही, आणि लिंबाच्या खाली सुपाएवढा हिरवा ठिपका. माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर दोन वर्षं दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मी दुपारी तिथं जायची. त्या हिरव्याकडं बघून फातेहा पढायची आणि अम्मीला सगळं सांगायची. भाभीच्या चुगल्या, गुडघ्याचं दुखणं, भाईच्या थोरल्या लेकीला आलेलं स्थळ, सगळं. सुपाएवढी होती ती वेल खाटेएवढी झाली. आजूबाजूच्या कबरी सपाट होत गेल्या, ही तेवढी उंचवटा धरून राहिली.

यंदा एका जुमेरातीला भिंतीशी एक म्हातारी बाई उभी होती. मी तिला ओळखत नव्हते. तिचेही हात दुआला उचललेले आणि नजर सरळ माझ्या हिरव्यावर. दुआ झाल्यावर तिनंच बोलायला सुरुवात केली. ती काही महिन्यांपासून लेकीकडं राहायला आली होती, एरवी सकाळीच येऊन जायची, आणि जावयानं बोट करून दाखवलं होतं तसा तिचा नवरा त्या वेलीखाली होता.

मी म्हटलं, "कुठली वेल, खाला?"

"तीच की बेटी. दुसरी हाय का कुठं हिरवी?"

ती सांगत होती की नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा नाही, जावयानं दफन केलं. कबर कधीच वाहून गेली असती, पण कुण्या भल्या माणसानं ही वेल लावली आणि ती वाचली. मी मान हलवत राहिले आणि घरी कशी आले ते मला आठवत नाही.

भाई जेवत होता. त्याचं जेवण व्हायच्या आधीच मी त्याला फैलावर घेतलं. त्यानं आधी ताट संपवलं. मग हात धुऊन आला आणि खाली बघत बोलला. इतकं लांब तो जन्मात पहिल्यांदा बोलला असेल.

"आपल्या जागेवर बोटभर माती न्हवती. आन् खरं सांगू, पावसानं आपली आन् तिच्या खालची, दोन्ही कबरी एक झाल्या होत्या. कुठली अम्मीची ते मलाबी कळंना. माती दिसली तिथं लावली. तू रोज इचारून राहिली होतीस, मी हाव म्हणालो."

म्हणजे वेल अम्मीवर असेल, नसेल. खालाचा जावई चुकला असेल, भाई चुकला असेल. कबर खोदणाऱ्या चाचांना विचारलं तर त्यांनी आधी वरची दाखवली, मग खालची दाखवली. दोन वर्षं मी कुणाच्या नवऱ्याला भाभीच्या चुगल्या सांगत होते? या विचारानं डोकं भणाणून गेलं. त्यात भाईनं विचारलं की उपटून वर लावू का. लाव म्हणणार होते. पण वर खडक, तिथं ती धरणार नाही, आणि इथली मुळं सुटली की एका पावसात खालाचा माणूस सपाट होणार. राहू दे म्हटलं. आणि राहू दे का म्हटलं म्हणून रात्रभर स्वतःवरच चिडत राहिले. अम्मीला मी टाकलं, असंच वाटत होतं.

पुढच्या जुमेरातीला जाऊ नये असं ठरवलं आणि गेले. खाला तिथं होतीच. मी तिच्या शेजारी उभी राहिले, पण नजर कुठं ठेवावी ते कळेना. हिरव्यावर ठेवली तर ते परक्याचं, उघड्या खडकावर ठेवली तर तिथं काय आहे? तिला खरं सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं. ही वेल माझ्या अम्मीची, तुमच्यासाठी नव्हती, असं.

तेवढ्यात तिनं हात उचलले. आधी नवऱ्यासाठी मागितलं, मग लेकीसाठी. मग म्हणाली, "या अल्ला, ज्या हातानं ही वेल लावली त्याच्या आईबापाला जन्नत दे. दर जुमेरातीला मागून राहिले, तू ऐक."

"आमीन," मी म्हटलं. इतकं मोठ्यानं की खालानं वळून माझ्याकडं बघितलं.