परत आलेला नारळ

फ्रीमाँटच्या इंडियन स्टोअरमध्ये नारळ कानाशी धरून हलवला, आतलं पाणी डुचमळलं, आणि मेक्सिकोतला तो किनारा आठवला.

आई गुहागरची. तिला वाळवंट दाखवायला नेलं होतं. निवडुंग थेट समुद्रापर्यंत उतरलेले, कोळ्यांची चार-पाच पत्र्याची घरं, वाळत घातलेली मासळी. "अगं, हा तर आपलाच वास!" म्हणत आईने पिशवीतून नारळ काढला. समुद्राला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून तिने तो घरून आणला होता. हळदकुंकू वाहून लाटेत सोडला आणि डोळे मिटून हात जोडले.

तेवढ्यात जाळं दुरुस्त करत बसलेली एक म्हातारी धावत पाण्यात शिरली. नारळ चुकून पडला असं समजून तिने तो परत आणला, स्कर्टला पुसून आईच्या हातात दिला.

मी समजावायला निघाले, तर आई म्हणाली, "असू दे गं. समुद्रानेच प्रसाद पाठवला." दगडावर फोडून दोघींनी खोबरं खाल्लं. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी काय हसत होत्या!

आई गेल्यापासून नारळी पौर्णिमेला मी इथल्या खाडीत नारळ सोडते. घरचे कारमध्ये जाऊन बसतात. मी मात्र काठावरच रेंगाळते, कुणी तो परत आणून देतंय का बघत.